सोवळ्याचे दिवस

गीताने ते काही मोठ्याने विचारलं नव्हतं. विचारून झाल्यावर तिने स्वतःच जीभ चावली, आणि खाली वाकून मुलीच्या चपला उगीचच एकीला एक जोडून ठेवू लागली. झालं होतं एवढंच, की रुची उंची मोजायच्या फळीला पाठ लावून उभी राहिली होती, शरदिनीने तिची हनुवटी सरळ केली होती, कानामागे दोन बोटं लावून मान हलकेच वर उचलली होती, डोक्यावरची पट्टी खाली आणली होती आणि आकडा दोनदा वाचून पाहिला होता. आकडा होळीच्या वेळचाच होता. "मावशी, माझी हाइट किती बढली?" रुचीने विचारलं. दोघींची तोंडं बघून पोरीला काय ते कळलंच. तिने एकदम शरदिनीचा हात धरून तिला फळीपाशी ओढलं, तिच्या पाठीला पाठ लावली आणि आपल्या डोक्यावरून तळहात मागे सरकवत नेला. तो शरदिनीच्या कानाला लागला. "बघ आई! थोडंसंच राहिलं. मावशीएवढी झाले की बस!" तेव्हा गीता म्हणाली, "ताई, म्हणजे ही तुमच्याएवढीच राहणार का हो?" आणि मग त्या चपला.

शरदिनी हसली. असल्या वेळी हसायची तिला सवय होती. चव्वेचाळिसावं लागलेली बाई, मुलांच्या विभागातली डॉक्टरीण, आणि उंची पाहाल तर सातवी-आठवीतल्या मुलीची. साडीच्या दुकानात निऱ्या खोचून खोचून पोटाशी उशी होई. वर्गात शिकवायला फळ्याच्या खालच्या अर्ध्यावरच लिही, म्हणून विद्यार्थी वरचा अर्धा आपल्या चित्रांसाठी राखून ठेवत. या सगळ्यावर तिने स्वतःच विनोद करून ठेवले होते, दुसऱ्याने करायच्या आत. लहानपणी साखर झाली, सातव्या वर्षी, त्यामुळे उंची राहिली, संपलं. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, गेली कित्येक वर्षं तिचा अभ्यास चालला होता तोही याचाच. साखर असलेल्या मुलांची वाढ का खुंटते? उत्तर तसं जुनंच होतं. इन्शुलिन नुसती साखर उतरवत नाही, अंग बांधायलाही तेच लागतं. ते जगण्यापुरतं मिळालं की पोर जगतं, शाळेत जातं, हसतं-खेळतं, पण वाढत नाही. गवंडी आहेत, विटा आहेत आणि चुना मात्र अर्धाच, तसं काहीसं. पण काही मुलं या उत्तरात बसत नसत. त्यांना इन्शुलिन नीट लिहून दिलेलं असे, आया शपथेवर सांगत की एकही डोस चुकत नाही, आणि तरीही वाढ होत नसे. अशा मुलांना शरदिनीने मनात एका कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. काहींचं असंच असतं. त्या कोपऱ्यात रुची होती. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधीपासून तिथे शरदिनी स्वतः बसलेली होती.

"नाही ग गीता, वाढेल ती," ती म्हणाली. हे अगदीच खोटं नव्हतं. तेरावं संपत आलेल्या रुचीच्या डाव्या हाताचा एक्स-रे तिने सकाळीच उजेडावर धरून पाहिला होता. बोटांच्या हाडांच्या टोकांशी अजून बारीक काळ्या फटी होत्या. त्या असतात तोवर हाड वाढतं. एकदा बुजल्या की ब्रह्मदेव आला तरी वाढत नाही. रुचीच्या फटी अरुंद झालेल्या दिसत होत्या. अजून दोन-एक वर्षं, फार तर. "एखादा डोस राहतो का ग कधी?" तिने पुन्हा विचारलं, दर खेपेला विचारायची तसं. "देवाशपथ नाही हो ताई," गीता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एकही चुकवत नाही मी. पोरीच्या बाबतीत मी अशी हयगय करीन का?" गीता पंचगंगा घाटावरच्या वेणीमाधव गुरुजींची सून. तीन पिढ्यांपासूनची काशीकर माणसं, घरात पूजाअर्चा, सरळ वळणाची. ती खोटं बोलणारी नव्हे, हे शरदिनीला पक्कं माहीत होतं. जाता जाता गीता म्हणाली, "उद्या अष्टमी. रुची कुमारिका आहे आमच्याकडे. या ना पूजेला." आणि रुची, तिला तर तेवढ्यानेच पंख फुटले. "मावशी, मी देवी! उद्या मलाच सगळे नमस्कार करणार, आजोबासुद्धा!"

ऑटोने मैदागिनपर्यंत आणि पुढे गल्ल्यांतून पायी, हा शरदिनीचा रोजचा रस्ता. आज सप्तमीची गर्दी होती, मांडवांचे ढोल वाजत होते, ऑटोवाला दर दहा पावलांवर कोणाच्या तरी आईचा उद्धार करत होता, आणि शरदिनी मात्र कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी बसली होती. दुपारचा डबा तिने उघडलाच नव्हता. तुमच्याएवढीच राहणार का हो? एवढीच म्हणजे केवढी? ती गल्लीत शिरली तेव्हा दंडावर चिकटवलेल्या साखर मोजायच्या यंत्राने पर्समधल्या फोनला हाक मारली. साखर उतरत होती. हे तिच्या अंगाला यंत्राआधीच कळलेलं असे. ओठ बधिर होत, मानेला गार घाम फुटे, आणि आजूबाजूचं सगळं फार दूरचं, फार सुंदर दिसू लागे. समोरून येणारा सांड पाण्यातून चालत आल्यासारखा आला आणि निघून गेला. भिंतीवरचं ऊन पातळ, पिवळं, हात लावला तर बोटाला लागेल असं. चौखंभ्याच्या वळणावरच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली. दुकानदाराने न विचारता बत्ताश्यांची मूठ पुढे केली. "का भयल डाक्टर साहिब, फिर भूखे पेट?" तिने बत्तासा तोंडात टाकला. तो जिभेवर विरघळेपर्यंत जग थांबतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. डोळे मिटून ती थांबली.

आणि तेवढ्यात कुठल्या तरी घरातून ओल्या रेशमाचा वास आला. पिळून दोरीवर टाकलेल्या सोवळ्याचा, त्यात उगाळलेल्या चंदनाचा आणि तुपाच्या वातीचा. शरदिनी उठली नाही. ती पायरीवरच बसून राहिली आणि दुर्गाघाटावरच्या एका सकाळी जाऊन पोचली. अष्टमीची सकाळ. तिला लाल काठाचं परकर-पोलकं घातलेलं, केस ओले, कपाळभर कुंकू. पाटावर बसवलेलं. समोर तरुण वेणीमाधव गुरुजी ताम्हण घेऊन बसलेले, तिचा पाय दोन्ही हातांत धरून त्यावर तांब्याने पाणी सोडताहेत, आणि त्या पाण्याची धार तिला दिसतेय ती नुसती धार नव्हे, तिच्याभोवती रंगांचं एक कडं आहे. समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती कडं आहे. मंत्र लांबून, नदीच्या पलीकडून येताहेत. अंग हलकं झालंय, पाटावरून आपण बोटभर वर उचलले गेलोत. आणि तहान. बाई ग, केवढी ती तहान! जीभ टाळ्याला चिकटलेली, गंगा सगळी पिऊन टाकावीशी वाटणारी तहान. पण देवीने कधी पाणी मागायचं नसतं, म्हणून ती गप्प. ती इतकी शहाण्यासारखी गप्प बसे, की सगळा घाट तिलाच कुमारिका म्हणून बोलावी. वर्षामागून वर्षं. बाकीच्या मुली मोठ्या होऊन गेल्या, ती मात्र लहानच राहिली आणि बोलावणी येतच राहिली. चौदाव्या वर्षीसुद्धा. त्या सकाळी ती देवी असे. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण पुढे आयुष्यात जेव्हा जेव्हा सगळं नकोसं झालं, लग्नाची बोलणी उंचीपाशी येऊन अडली, वडील गेले, तेव्हा ती डोळे मिटून त्याच पाटावर जाऊन बसे. मला एकदा देवीने शिवलं आहे. एवढं पुरे.

ज्योतीभोवती कडं. तहान. हलकं अंग, लांबून येणारे आवाज. दुसरा बत्तासा शरदिनीच्या बोटांत तसाच राहिला. कुठल्याही पोराने तिच्यासमोर बसून हे सांगितलं असतं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत तिने नर्सला हाक मारली असती. साखर बघा, लगेच. चारशेच्या वर असणार. डोळ्यांच्या भिंगात पाणी शिरतं, म्हणून दिव्यांना कडी दिसतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं हे. मग आपल्याला का नाही आलं? इतकी वर्षं? तर त्याचं असं की, ज्या आठवणीला माणूस हात जोडतो तिची नाडी कोण बघायला जातो. आणि दर नवरात्रानंतर येणारं ते आजारपण? उलट्या, पोटात कळा, अंथरुणाला खिळणं. "नवरात्र बाधतं हो हिला," घाटावरच्या बायका म्हणत. "देवी येऊन गेली की अंग असं गळायचंच." रुचीसुद्धा दर कार्तिकात, नवरात्र सरलं की, उलट्यांनी वॉर्डात भरती होत होती, आणि शरदिनी दरवर्षी तिला सलाइन लावताना म्हणत होती, हवा बदलली की होतं. देवी नव्हती ती. साखर होती. हे तिच्या मनात आलं आणि तिला इतका राग आला, इतका राग आला, की तो कोणावर हे तिला कळेना. स्वतःच्या घरात चोरी झालेली इतक्या वर्षांनी कळावी तसं झालं. "बत्तासा खा लीजिए," दुकानदार म्हणाला. तिने तो खाल्ला.

पुढची गल्ली ती सावकाश चालली, कारण घर जवळ येत होतं आणि घरात आई होती. वडील, ढुंढिराजशास्त्री, काही दुष्ट नव्हते. नेमाचे कडक, पण मुलीवर जीव टाकणारे. त्या काळी इन्शुलिन गाई-डुकरांच्या अंगातून काढत. हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते दिवसभर पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले होते, औषध आहे, घ्यायलाच हवं, त्याला दोष नाही. पण सोवळं ते सोवळं. ती कुपी बाहेरच्या खोलीतच राहायची, पाण्याच्या मडक्यात दोरीने सोडलेली, सुई तिथेच टोचायची. टोचलं की रक्ताचा थेंब येणार, रक्त आलं की अंग ओवळं. मग देवघरात पाऊल नाही. तेव्हा ज्या दिवशी घरात सोवळं, त्या दिवशी सकाळचं इंजेक्शन... शरदिनी थांबली. तिला आठवेना. खरोखरच आठवेना. आई काचेची सिरिंज उकळतेय, वाफेत तिचा चेहरा, हे दिसत होतं. पण ते सोवळ्याच्या दिवशीचं की एरवीचं? घाटाकडच्या चिंचोळ्या फटीतून नदी दिसत होती. पुराचं पाणी उतरत होतं, पायऱ्यांवर गाळ साचला होता, माणसं तो पाइपाच्या पाण्याने परत नदीत लोटत होती. तिला वाटलं, इथेच उभं राहावं, घरी जाऊच नये.

आई, इंदू, खिडकीपाशी बसून वरीचे तांदूळ निवडत होती. पंच्याहत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, नजर मात्र अशी की ताटातला एक खडा सुटत नसे. "जेवली नाहीस ना? तोंड बघ कसं उतरलंय," ती मान वर न करता म्हणाली. शरदिनी पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "आई, अष्टमीला माझं इंजेक्शन किती वाजता द्यायचीस ग?" "अष्टमीला?" इंदूने एक खडा काढून बाजूला ठेवला. "अष्टमीला सकाळी कसं देणार? कुमारिका असायचीस तू. सकाळचं नाहीच. संध्याकाळी दिवे लागले की मग द्यायचे." "आणि बाकीचं नवरात्र?" "तेव्हाही तेच." "चतुर्थी? प्रदोष? एकादशी? श्राद्धपक्ष?" "अग, सोवळ्याच्या दिवशी सगळं तसंच. ह्यांचा नेमच होता तो." मग इंदूने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते शरदिनीला बघवेना, कारण तो अभिमान होता. "पण चुकवला मात्र एक नाही हो! तापात, पुरात, गल्लीत कंबरभर पाणी असताना. द्यायचा म्हटला की दिला. शेजारच्या प्रेमलाताई म्हणायच्या, इंदू, तू होतीस म्हणून पोर जगली. का ग? आज कसं काय आठवलं?" "असंच," शरदिनी म्हणाली. "अभ्यासासाठी." "मग घाल की माझं नाव तुझ्या अभ्यासात," इंदू हसली, आणि पुन्हा खडे वेचू लागली. एकही डोस चुकवला नाही. जो द्यायचाच नव्हता तो चुकेल कसा? शरदिनीने मनातल्या मनात महिन्यातले सोवळ्याचे दिवस धरायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं. आईचा शब्द खरा होता. गीताचाही खरा होता. दोघींनी देवाशपथ खरंच सांगितलं होतं, आणि आपण शहाण्या डॉक्टरीण इतकी वर्षं चुकलेले डोस विचारत बसलो.

दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लोटून तिने गीताला फोन केला. "गीता, सोवळ्याच्या दिवशी रुचीचं सकाळचं इंजेक्शन?" "ते नसतंच हो ताई," गीता लगेच म्हणाली, अगदी सरळपणे. "सकाळचं नाही, दुपारचं नाही. रात्रीचं देते ना. मामंजी म्हणतात, देवीच्या अंगाला सुई लागायची नाही. का हो? तुमच्याकडे पण असंच होतं ना? मामंजींनीच सांगितलं, शास्त्रीबुवांच्या शरूचं असंच करायचे म्हणून." शरदिनी पलंगाच्या कडेवर बसली. म्हणजे हे इथूनच गेलं होतं तिकडे. याच घरातून. "गीता, उद्या सकाळी तिला इंजेक्शन द्यायचं. पूजेच्या आधी. आणि यापुढे रोज, सोवळं असो नसो. ती वाढत नाहीये ती त्यानेच." पलीकडून गीताचं रडणं ऐकू आलं. "मी नाही सांगू शकणार मामंजींना. तुम्ही या ताई. तुमचं ऐकतील ते. इंदूकाकूंनाही आणा, त्या दरवर्षी येतातच."

काकू येतातच. तिथेच तर सगळं अडलं होतं. गुरुजींना पटवायचं तर कशाने पटवायचं? पुस्तकातलं सांगून ते ऐकायचे नाहीत. त्यांना दाखवायला शरदिनीपाशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ती स्वतः. पण ते बोलायचं म्हणजे आईच्या देखत बोलायचं, की आई, तू मला जगवलंस आणि तूच मला खुंटवलंस. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला आता हे कळून काय करायचं? कोणाचं भलं होणार? रुचीचं होणार होतं. त्या काळ्या फटी रात्रभर शरदिनीच्या स्वप्नात होत्या. नदीच्या दोन काठांसारख्या त्या हळूहळू जवळ येत होत्या, मध्ये एक नाव होती, नावेत लाल परकर घातलेली कोणीतरी मुलगी होती, आणि ती रुची की आपण, हे बघायला ती वाकली की जाग यायची. सकाळी तिने एक शेवटचा प्रयत्न केला. "आई, गुडघे दुखताहेत ना तुझे? पायऱ्या फार आहेत. तू राहा आज." "वा ग वा! वेणीमाधवाकडची अष्टमी आणि मी घरी?" इंदू लुगड्याचा पदर सारखा करत म्हणाली. "तू धर मला. तुझ्या खांद्याची उंची माझ्या हाताला बरोब्बर लागते, काठीपेक्षा बरी." हा तिचा नेहमीचा विनोद. शरदिनीने खांदा पुढे केला. मायलेकी गल्लीतून निघाल्या. पंचगंगेवरच्या मशिदीच्या मागून सूर्य वर आला होता, पायऱ्यांवरच्या ओल्या गाळावर त्याचं तेज पडलं होतं, खाली नावाडी एकमेकांना शिव्या देत होते, आणि शरदिनीला वाटत होतं, ही पायवाट संपूच नये, आईचा हात असाच खांद्यावर राहावा आणि बोलायची वेळ कधी येऊच नये.

गुरुजींच्या माडीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. रुची पाटावर होती. लाल परकर, कपाळभर कुंकू. शरदिनीला पाहून ती हसली नाही. देवी हसत नाही. पण तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, ते शरदिनीने पाहिलं. समोर खिरीची वाटी झाकून ठेवली होती. वेणीमाधव गुरुजी आता सत्तरीला आले होते. त्यांनी ताम्हण पुढे ओढलं. गीता दाराशी उभी, पदरात काहीतरी घट्ट धरून. "गुरुजी," शरदिनी म्हणाली, "आधी हिला इंजेक्शन देऊ द्या. मग पूजा करा." बायकांत कुजबूज झाली. गुरुजी रागावले नाहीत. ते चांगले माणूस होते, हीच तर पंचाईत होती. "अग शरू, तू डॉक्टरीण, तुझा शब्द मी खाली पडू देत नाही. रात्री देतोच आहोत की. एका सकाळीने काय होतंय?" "एक सकाळ नाही हो. वर्षातल्या किती सकाळी, तुम्हीच सांगा." "बरं, असू दे. पण तूही याच पाटावर बसलीस ना? मी स्वतः तुझे पाय धुतलेत. शास्त्रीबुवांनीही हाच नेम पाळला. तुला काय झालं? देवीच्या कृपेने सगळं चांगलंच झालं की." सगळ्यांनी माना डोलावल्या. शरदिनीच्या मागे, भिंतीला टेकून बसलेल्या इंदूनेही डोलावली असणार. शरदिनीने वळून पाहिलं नाही. तिच्यात ते बळ नव्हतं. ती उठली आणि पाटाशेजारी जाऊन उभी राहिली. "उठ ग रुची," ती म्हणाली. रुची उभी राहिली. "गुरुजी, मला हे झालं. मी वाढले नाही. मला साखर झाली म्हणून नाही. सोवळ्याच्या सकाळी माझं इंजेक्शन राहायचं म्हणून. सात वर्षं तुम्ही माझे पाय धुतलेत. ते वाढत नाहीत, हे तुमच्या हातांना एकदाही कळलं नाही का हो? आता हिचे धुताय." तिने रुचीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आता वाढणार नाही. ही वाढेल. अजून वेळ आहे. थोडाच आहे."

गुरुजी एकदा तिच्या पायांकडे आणि एकदा नातीच्या पायांकडे पाहत होते, आणि त्यांच्या हातातला तांब्या कलून पाणी जमिनीवर ओघळत होतं. त्यांच्याकडे शरदिनीचं लक्ष नव्हतं. तिचं सगळं लक्ष पाठीत होतं. पाठीमागे भिंतीपाशी काय चाललंय, तिथे कोण कसं बसलंय, श्वास चालू आहे का. मग लुगडं सळसळलं. गुडघे करकरले. इंदू उठत होती, कोणाचा हात न घेता. ती बायकांच्या मधून वाट काढत, एकेकीच्या डोक्याचा आधार घेत पुढे आली आणि लेकीकडे न पाहता गीतापुढे जाऊन उभी राहिली. "आण ते," ती म्हणाली. गीताने पदरातलं इन्शुलिनचं पेन काढून दिलं. इंदूने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "आमच्या वेळी सिरिंज असायची. हे मला नाही ग येत. किती द्यायचं, ते करून दे." हे ती शरदिनीला म्हणाली, पण पेनाकडे बघत. शरदिनीने युनिट फिरवून दिले. "मग मी देवी नाही होणार?" रुचीने रडवेल्या आवाजात विचारलं. गुरुजींनी तांब्या खाली ठेवला आणि ताम्हण बाजूला सरकवून इंदूला जागा करून दिली. "होशील," ते कसंबसं म्हणाले. "मी थांबतो. शरू, टोचल्यावर किती वेळ थांबायचं असतं, तेवढं सांग." "पाव तास," शरदिनी म्हणाली. "थांबतो," ते म्हणाले.

इंदू रुचीपुढे जमिनीवर बसली. दंडाची चिमूट धरली, जशी कित्येक वर्षांपूर्वी धरायची. "आजी, दुखेल?" "नाही ग. हिला विचार." रुचीने शरदिनीकडे पाहिलं. शरदिनी आईच्या चिमटीकडे बघत म्हणाली, "नाही दुखत. आईचा हात फार हलका आहे." इंदूची मान तशीच खाली होती. सुई आत गेली, रुचीला कळलंही नाही. "हे दाबून धरायचं ना? किती?" "दहा मोजायचे." इंदू मोजू लागली. सहा, सात, तिच्या नाकावरून एक थेंब रुचीच्या परकरावर पडला, आठ, नऊ, दहा. दहा झाले आणि ती थांबली नाही. अकरा, बारा, तेरा, ती पेन तसंच धरून खालमानेने मोजत राहिली, आणि शरदिनी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "झालं आई. झालं ग. काढ आता."